वळीव, विजा आणि आडोसा: रानात असताना आभाळ भरून आलं तर जायचं कुठं?

हळदकरी (मंगळवार, रात्री 9.20)

नमस्कार मंडळी. वसमत तालुक्यातून लिहितोय. हात अजून थरथरतोय, पण आजच लिहितो. उद्या कामाच्या रगाड्यात राहून जाईल.

आमची हळद शिजवून झाली आणि आठ दिवसांपासून ताडपत्र्यांवर पसरलेली आहे. अजून चार-पाच दिवस कडक ऊन मिळालं असतं की पॉलिशला गेली असती. आज अकरा बाया हळद वर-खाली करायला होत्या. दुपारी अडीचला मोबाईलवर मेसेज आला, ‘पुढील तीन तासांत तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, ताशी 40 ते 50 किमी वेगाने वारे’. मी वाचला. डोक्यावर लख्ख ऊन होतं, म्हणून फोन खिशात टाकला.

चारला वारा एकदम पडला. पान हलेना, नुसती काहिली. मग पश्चिमेकडून शाईसारखा ढग वर चढायला लागला आणि बघता बघता गार वारा अंगावर आला. ताडपत्रीची टोकं उडायला लागली. आम्ही सगळे हळद गोळा करायला धावलो. वर्षाचं पीक आहे, दुसरं काही सुचलंच नाही. पाऊस नव्हता, थेंबही नव्हता. गडगडाट वाढला तशा बाया बांधावरच्या चिंचेखाली पळाल्या. मी ओरडलो, तिथून निघा. त्यातली एक म्हातारी मला म्हणाली, ‘दादा, निघून जावं कुठं?’ तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेवढ्यात वीज पडली. आमच्या चिंचेवर नाही, शेजारच्या रानातल्या लिंबावर, दोनशे पावलांवर. त्याखाली शेजाऱ्याची बैलजोडी बांधलेली होती. दोन्ही बैल जागच्या जागी गेले. गडी पाणी आणायला विहिरीवर गेला होता म्हणून वाचला. झाडाची साल वरून खालपर्यंत एका पट्ट्यात सोलून निघालीय, आणि बैलांच्या अंगावर ओरखडा नाही. पाऊस त्यानंतर सात-आठ मिनिटांनी आला.

अंदाज चुकला असं मी म्हणत नाही, तो बरोबर होता. माझा प्रश्न त्या म्हातारीचाच आहे. गाव अडीच किलोमीटर लांब, रानात पक्कं छत नाही. जायचं कुठं?

माहेरवाशीण (9.41)

दादा, वाचून काळजात चर्र झालं. माणसं वाचली हे आधी. बैलजोडी म्हणजे घरचीच माणसं, शेजाऱ्यांना सांभाळा.

ढगवेडा (10.15)

हळदकरी दादा, तुम्ही फार बारकाईने लिहिलंय. वारा पडणं, ढग चढणं, गार वारा, वीज आणि मग पाऊस, हा क्रम सगळ्यांनी पुन्हा एकदा वाचावा.

वळवाचा ढग असाच वागतो. दुपारी जमीन तापते, समुद्रावरून आलेलं बाष्प त्या तापलेल्या हवेबरोबर वर जातं आणि तासाभरात बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. आत बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर घासून विद्युतभार साठतो. पावसाबरोबर गार झालेली जड हवा वरून कोसळते, जमिनीवर आपटते आणि चारी दिशांना पसरते. तुमच्या अंगावर आलेला गार वारा तो हाच. उकाड्यानंतर तो बरा वाटतो, पण ढग तोवर अगदी जवळ आलेला असतो. खरं तर तेव्हा हळद गोळा करायची वेळ गेलेली असते. वीज पावसाच्या पुढे दहा-पंधरा किलोमीटरवरही पडू शकते. ‘गर्जेल तो पडेल काय’ ही म्हण माणसांपुरती ठेवावी. पाऊस पडो न पडो, वीज पडते.

तुमच्या मेसेजमधल्या ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांबद्दलही सांगतो. लोकांना वाटतं तुरळक म्हणजे किरकोळ. हवामान विभागाच्या भाषेत त्याचा अर्थ इतकाच, की त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस होईल. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नासपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पंचाहत्तरपर्यंत. किती क्षेत्रावर होईल एवढंच त्यातून कळतं. जोर किती असेल याचा त्या शब्दाशी संबंध नाही. तुरळक ठिकाणी पडणारी वीजही तेवढीच जीवघेणी.

मोबाईलवर ‘दामिनी’ ॲप टाकून घ्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलंय. आपल्या जागेपासून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात विजा कुठे पडताहेत ते दिसतं. रेंज नसेल तर कान आहेतच. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पाऊस थांबला म्हणून लगेच रानात परतणारी माणसं बरीच दगावतात.

पाणंद (10.32)

प्रत्येकाने शेतात चार खांब आणि वर पत्रे टाकून शेड केलं तर? पंधरा-वीस हजारांत होतं. हळदही झाकली जाईल, माणसंही.

ढगवेडा (10.50)

पाणंद, हळदीसाठी जरूर करा. माणसांसाठी त्याचा भरवसा धरू नका, हे मी हात जोडून सांगतो. चारी बाजूंनी उघडं शेड पावसापासून वाचवतं, विजेपासून नाही. आणि वळवाचा वारा पत्रे कागदासारखे उडवतो.

अकोला जिल्ह्यातलं पारस आठवा. 9 एप्रिल 2023. वादळी पाऊस आला म्हणून मंदिरातले भाविक पत्र्याच्या शेडखाली जमले, आणि शेजारचा जुना मोठा लिंब त्या शेडवर कोसळला. सात माणसं गेली. त्याच महिन्यात 17 तारखेला पिंपरी-चिंचवडमध्ये किवळ्याला लोक वादळात होर्डिंगच्या आडोशाला थांबले होते, ते होर्डिंग अंगावर आलं. पाच गेले. पुढच्या वर्षी 13 मे 2024 ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर 120 फूट बाय 120 फुटांचं होर्डिंग पडून सतरा जण गेले. मुंबईत परवानगी असते 40 बाय 40 ची. तिन्ही ठिकाणी माणसं आडोशालाच होती. पंपावरचे काहीजण तर पावसापासून वाचायलाच थांबलेले होते.

म्हणून त्या म्हातारीचा प्रश्न मला फार खरा वाटतो. आडोसा कुठला, यावर जीव अवलंबून असतो.

डोंगरपायथा (बुधवार, सकाळी 7.05)

मी मुळशीकडचा. तुमच्याकडे सपाट रान, आमच्याकडे डोंगराचा पायथा. वळीव तोच, धोका थोडा वेगळा.

मे महिन्यात आमच्याकडे दुपारपर्यंत निरभ्र असतं. दोननंतर घाटमाथ्यावर कापसाचे ढीग दिसायला लागतात. पश्चिमेकडून समुद्राची दमट हवा डोंगर चढून येते, पूर्वेकडून देशावरची कोरडी हवा येते, आणि माथ्याच्या आसपास दोघींची गाठ पडते. चार वाजता तिकडे नगारे वाजायला लागतात आणि खाली आमच्या अंगणात ऊन असतं. इथेच माणूस फसतो. ओढा वर्षभर कोरडा, म्हणून कुणी त्यात गाडी धुतं, कुणी गुरं बसवतं, मुलं क्रिकेट खेळतात. वर तासाभरात 60-70 मिमी पडला की पाणी अर्ध्या तासात खाली येतं, डोक्यावर थेंब न पडता. उतारावरची माती उन्हाने भाजून घट्ट झालेली असते, पहिलं पाणी मुरतच नाही, सरळ वाहतं.

पाणी येण्याआधी आवाज येतो. मी दोनदा ऐकलाय. लांबून ट्रक घाट चढतोय असं वाटतं. मग पुढे पालापाचोळा, काटक्या, प्लास्टिक यांची एक भिंत सरपटत येते आणि तिच्या मागे गढूळ लोंढा. तो आवाज ऐकला की वस्तू गोळा करायच्या नाहीत, काठ चढायचा. पाण्याच्या पुढे पळायचं नाही, बाजूला चढायचं.

हे पुणेकरांनी सोसलंय. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या डोंगरावर मेघगर्जनेसह पाऊस झाला आणि आंबिल ओढा वस्त्यांमध्ये घुसला. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसं गेली. तो परतीच्या काळातला पाऊस होता, पण ढग वळवाच्याच जातीचा. शहरातल्या माणसाला आपण डोंगराच्या पायथ्याशी राहतो हे आठवतच नाही, कारण मध्ये इमारती आल्यात. ओढ्याच्या ते लक्षात असतं.

आणखी एक. मे अखेरीला कोकणातून मेंढपाळांचे वाडे घाट चढून देशाकडे परतत असतात. उघड्या माळावर जाळी लावून मेंढरं बसवलेली, शेजारी चूल, लहान पोरं. गावात कुणाच्या पडिक रानात वाडा बसला असेल तर आभाळ भरल्यावर त्यांना देवळात, शाळेत बोलवा. ते स्वतःहून येत नाहीत, संकोच करतात. माझे वडील दरवर्षी जाऊन घेऊन यायचे.

माहेरवाशीण (8.30)

एक विचारू का? माझी मावशी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. लहानपणी वीज कडाडली की आजी तिला घरात कोंडून ठेवायची आणि आम्हाला अंगणात राहू द्यायची. पायाळू माणसावर वीज पडते म्हणायचे. मोबाईलवर पडते असंही आता ऐकते. यात तथ्य आहे का?

दवाखान्यातली_ताई (9.10)

ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न दर उन्हाळ्यात ऐकते. पायाळू असण्याचा विजेशी काही संबंध नाही. आजीने मावशीला आत ठेवलं ते बरोबर केलं, चूक एवढीच की तुम्हाला बाहेर ठेवलं. मोबाईलही वीज ओढत नाही. चार्जिंगला लावलेला फोन मात्र हातात धरू नये, कारण आभाळातली वीज तारेतून घरात येते.

मला खरं सांगायचंय ते वीज लागलेल्या माणसाबद्दल. थेट अंगावर वीज पडणं कमी असतं. बरेचसे बळी झाडावरून बाजूला उडालेल्या किंवा जमिनीतून पसरलेल्या विजेचे असतात. जनावरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून जमिनीतली वीज एका पायातून शिरून छातीतून दुसऱ्या पायाने बाहेर पडते. बैलांच्या अंगावर ओरखडा नव्हता असं दादांनी लिहिलंय, त्याचं कारण बहुधा हेच. आणि म्हणूनच उघड्यावर सापडलो तर आडवं पडायचं नाही. पाय जुळवून, टाचा एकमेकींना टेकवून उकिडवं बसायचं, डोकं गुडघ्यात, कान झाकून. घोळका करायचा नाही, एकमेकांपासून लांब बसायचं. हा उपाय दुसरं काहीच हाताशी नसेल तेव्हाचा.

आभाळातली वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही. हात लावा. खुशाल लावा. लोक भीतीने लांब उभे राहतात, आणि तीच मिनिटं मोलाची असतात. विजेच्या धक्क्याने हृदय थांबतं, कधी ते आपोआप पुन्हा सुरू होतं, पण श्वास बंदच राहतो आणि त्यामुळे ते दुसऱ्यांदा थांबतं. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच सेंटीमीटर खाली जाईल इतकं दाबा. येत असेल तर तोंडाने श्वासही द्या. एकाने 108 लावा. दोन-तीन जणांना लागली असेल तर जो निपचित पडलाय त्याच्याकडे आधी धावा. जो कण्हतोय त्याचा श्वास चालू आहे, त्याच्याकडे नंतर गेलं तरी चालतं.

काही भागांत माणसाला शेणात किंवा मातीत पुरून ठेवतात. कृपा करून कुणी करू देऊ नका. असा एक तरुण मुलगा आमच्याकडे दोन तासांनी आणला होता. त्याच्या आईचा चेहरा मला अजून दिसतो.

खांबावरचा (दुपारी 1.15)

लाइनमन आहे. वादळानंतरचं थोडं लिहितो, कारण वीज पडून गेल्यावर सगळे सैल होतात.

फांदी पडून तार तुटलेली असते आणि लाइट गेलेली असते, म्हणून लोक समजतात तार मेली. ती कुठल्याही क्षणी चालू होऊ शकते. तार डबक्यात पडली असेल तर सगळं डबकंच धोक्याचं. जनावर चिकटलं म्हणून ओढायला गेलेला मालक चिकटला, असं मी नोकरीत तीनदा बघितलं. आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरला फोन करून लाइन बंद करून घ्या, मग पुढे व्हा.

दुसरं, जनरेटर किंवा इन्व्हर्टर लावताना मेन स्विच पाडा. तुमच्या घरातला करंट उलटा लाइनवर येतो आणि खांबावर चढलेल्या माणसाला लागतो. माझा एक सोबती असाच गेला. त्या रात्री गावाला लाइट हवी होती म्हणून तो पावसात चढला होता.

ओल्या अंगाने मोटारीचा स्टार्टर चालू करू नका, एवढं ऐका.

तिस्ताकाठ (2.40)

मूळची साताऱ्याची, सध्या सिलिगुडीला. धागा वाचून राहवलं नाही. इथे हिमालयाचा पायथा आणि बंगालचं मैदान यांच्या सीमेवर चैत्र-वैशाखात हेच चालतं, फक्त राक्षसी प्रमाणात. कालबैशाखी म्हणतात. वायव्येकडून येते, बहुतेक दुपार टळल्यावर. 31 मार्च 2024 ला जलपायगुडी आणि मैनागुडीत काही मिनिटांचं वादळ झालं, घरांची छपरं गेली, माणसं गेली. मी दुसऱ्या दिवशी तिकडे होते. पत्रे झाडांच्या शेंड्यांना गुंडाळलेले दिसत होते.

बिहारमध्ये 25 जून 2020 ला एका दिवसात विजेने 83 माणसं गेली. बहुतेक रानात काम करणारी, भात लावणीचे दिवस. देशात दरवर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं विजेने मरतात. पुरासारखी ती एका ठिकाणी मरत नाहीत, इथे एक, तिथे दोन, त्यामुळे बातमीही चार ओळींची होते. मला याचा फार राग येतो.

बांगलादेशाने 2016 मध्ये वीज ही राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर केली आणि उंच ताडांनी वीज अंगावर घ्यावी म्हणून लाखो ताडाची झाडं लावायला घेतली. पण ताड वाढायला वीस-तीस वर्षं लागतात. तोवर शेतकऱ्याने काय करायचं, हा प्रश्न तिथेही हळदकरी दादांचाच आहे.

सातबारा (4.05)

निवृत्त तलाठी. हळदकरी, तुमच्या शेजाऱ्यांनी बैल अजून पुरले नसतील तर आधी हे करा. तलाठ्याला आजच्या आज कळवा, पंचनामा करून घ्या, आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्या. तो कागद नसेल तर पुढे काहीच होत नाही. ओढकामाच्या मोठ्या जनावराला आपत्ती निधीच्या निकषांनुसार 32,000 रुपये, दुभत्या गाई-म्हशीला 37,500, ठरावीक मर्यादेपर्यंत. माणूस गेला तर वारसांना 4 लाख, तिथेही शवविच्छेदन लागतं. दुःखात लोक घाईने अंत्यविधी उरकतात आणि नंतर वर्षभर चकरा मारतात. माझ्या सज्जात, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, एका विधवा बाईला या एका कागदापायी काही मिळालं नाही. मी असूनही मिळालं नाही. म्हणून हे जिथे तिथे सांगतो.

हळदकरी (रात्री 10.05)

सगळ्यांचे आभार. सातबारा काका, तुमचा मेसेज वाचल्या वाचल्या शेजाऱ्यांकडे गेलो. बैल पुरायला जेसीबी आलेला होता. थांबवला. डॉक्टर सहाला आले, कागद झाला.

आज दिवसभर रानात फिरून पावलं मोजली. माझ्या वावरापासून सहाशे पावलांवर जिल्हा परिषदेच्या जुन्या वस्तीशाळेची खोली आहे. स्लॅबची आहे, दारं-खिडक्या शाबूत. पट कमी झाला म्हणून तीन वर्षं कुलूप. इतकी वर्षं मी तिच्यावरून जातोय, हे डोक्यात आलंच नव्हतं. सरपंचांशी बोललो. किल्ली कुणाकडे आहे ते सापडायलाच संध्याकाळ झाली.

ढगवेडा, तिच्यावर वीजरोधक बसवावा का?

ढगवेडा (10.30)

बसवा, पण जाणकाराकडून. वर त्रिशूळ लावला आणि खाली तार दोन फूट मातीत खोचली, असं असेल तर नसलेला बरा. अर्थिंगचा खड्डा खोल हवा आणि उन्हाळ्यात तो कोरडा पडता कामा नये. नेमकी विजांच्या दिवसांतच जमीन सगळ्यात कोरडी असते. तोवर तशी खोलीही उघड्या रानापेक्षा, झाडापेक्षा कितीतरी बरी. आत भिंतीला टेकून बसू नका, मधोमध बसा, खिडकीच्या गजांना हात नको. दारं बंद असलेली चारचाकीही चालते. ट्रॅक्टर नाही, मोटारसायकल नाही.

डोंगरपायथा (10.44)

सहाशे पावलं म्हणजे चालत पाच-सहा मिनिटं, म्हातारीला दहा. म्हणजे गार वारा येईपर्यंत थांबून चालणार नाही. पहिला गडगडाट ऐकला की निघायचं.

हळदकरी (शनिवार, रात्री 8.50)

आज पुन्हा आला. साडेतीनला मेसेज, पावणेचारला दामिनीवर परभणीच्या बाजूला ठिपके, चारला लांबून पहिला गडगडाट. हळद अर्धी गोळा झाली होती, अर्धी पसरलेली. बायांना म्हटलं चला. मन मागे ओढत होतं, खोटं कशाला सांगू. पण निघालो. दोघींनी म्हातारीला हाताला धरून आणलं. शेजाऱ्याच्या रानातली चार माणसंही आली. पंधरा जण त्या खोलीत मधोमध पन्नास मिनिटं बसलो. फळ्यावर अजून तीन वर्षांपूर्वीची तारीख होती. गारा पडल्या, लिंबोळीएवढ्या, आणि समोरच्या बांधावरची आमची चिंच अर्ध्यातून मोडली. मंगळवारी बाया जिथे उभ्या होत्या, फांदी तिथेच पडलीय.

माणसं सगळी ठीक. किल्ली आता शाळेच्या चौकटीला खिळ्यावर टांगलेली असते, तिन्ही वस्त्यांना सांगून ठेवलंय.

साधारण सात क्विंटल हळद भिजली. पुन्हा शिजवावी का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

पाणंद (9.15)

शिजवू नका, रंग जाईल. रात्री ढीग करून झाकू नका, आतून गरम होऊन बुरशी धरते. आत्ताच जमेल तेवढी पातळ पसरा, पंखा असेल तर लावा, आणि सकाळी ऊन आल्यावर दर दोन तासांनी हलवा. माझ्याकडे चार कोरड्या ताडपत्र्या आहेत, सकाळी सहाला घेऊन येतो.